साखर बंद आहे म्हणून तोंड मिटून बसलेले काका

मी सोलापुरात एका हॉस्पिटलमध्ये डाएटिशियन आहे. त्या दिवशी सकाळी पावणेआठला फोन वाजला, पलीकडून काकू रडतच बोलत होत्या, "मॅडम, हे तळ्यावरून फिरून आले आणि कायतर येड्यागत बोलायलेत, बनियन घामानं चिंब झालंय, ॲटॅक आलाय का हो?"

मी पहिलं विचारलं शुगरची गोळी कधी घेतली, तर म्हणाल्या साडेसहाला, नेहमीसारखी, आणि नाष्टा अजून झालाच नाही. मग मला कळलंच, शुगर एकदम खाली गेलीये. म्हटलं काकू, ते गिळू शकतायत ना, मग पटकन तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजा आणि दवाखान्यात आणा. तर फोनवर मागून काकांचा आवाज, दात आवळून, "साखर नको, मॅडमनी बंद केलीये."

ते वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

आधीचं सांगते. काका ६१ वर्षांचे, आयुष्य यंत्रमागावर गेलेलं, नऊ वर्षांचा डायबेटिस, वजन ८१, एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, ८.९, आणि दोन वेळा गोळी, तिच्यात मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही. मुलगा पुण्यात आयटीत, त्याने विचारलं होल फूड प्लांट बेस्ड डाएट, म्हणजे फक्त वनस्पतींपासूनचं, कमीत कमी प्रक्रिया केलेलं जेवण, बाबांना जमेल का. मी म्हटलं जमेल की, तुमच्या आजीच्या काळचं जेवण आठवा, निम्मं तेच आहे. ज्वारीची भाकरी, मटकी, हुलगा, अंबाडी, चुका, करडईची भाजी, सकाळी माडगं, जवसाची चटणी. दूध, तूप, साखर, मैदा, भजी बंद, तेल फोडणीपुरतं. १०० ग्रॅम ज्वारीत १० ग्रॅमच्या आसपास फायबर असतं, पॉलिशच्या तांदळात ३ पण नसतं, आणि काकांचं आधीचं दोन्ही वेळचं जेवण म्हणजे भाताचा डोंगर आणि दिवसाला पाच कप गोड चहा.

काकांनी एवढं काटेकोर पाळलं की लग्नातलं जेवणसुद्धा सोडून घरनं भाकरी नेली. उपाशीपोटीची शुगर १९० वरून पाचव्या आठवड्यात १०८. मुलगा मला व्हॉट्सॲपवर आकडे पाठवायचा आणि मी थम्ब्स अप पाठवायचे. फिजिशियनची पुढची तारीख तीन महिन्यांनी होती, ती अलीकडे घ्या असं मी म्हटलं नाही, कोणीच म्हटलं नाही.

वाईट याचं वाटतं की मला माहीत होतं. अमेरिकेत डॉ. नील बर्नार्ड यांच्या टीमचा २००६ चा अभ्यास मी वाचलेला होता, टाइप २ च्या ९९ पेशंटवरचा. २२ आठवड्यांत कमी तेलाच्या व्हीगन (दूध-अंडंसुद्धा नसलेल्या) गटातल्या ४३ टक्के लोकांची औषधं कमी करावी लागली, नेहमीच्या डायबेटिक डाएटच्या गटात २६ टक्के. वजन उतरलं, लिव्हरमधली आणि स्नायूंमधली चरबी कमी झाली की शरीराचं स्वतःचं इन्सुलिन नीट काम करायला लागतं, पण ग्लिमेपिराइडला ते काय कळणार, ते आपलं स्वादुपिंडाला ढोसून इन्सुलिन सोडायला लावत राहतं, पोटात अन्न असो नसो. नुसत्या मेटफॉर्मिनवर सहसा असं होत नाही.

काकूंनी शेवटी साखरेचा पाक बोटाने गालाच्या आतून लावला, शेजारच्या पोराने रिक्षातून आणलं. कॅज्युअल्टीत शुगर ४४. शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज, दिलं आणि काही मिनिटांत काकांनी डोळे नीट उघडून माझ्याकडे बघितलं, "मॅडम, मी साखर खाल्ली नाही हां, हिनं लावली." मी त्यांचा हात धरून नुसती उभी होते, काय बोलणार. ग्लिमेपिराइडचा असर लांबतो म्हणून दिवसभर ठेवून घेतलं, आणि बरं झालं ठेवलं, दुपारी परत ६१ झाली होती.

फिजिशियनने ग्लिमेपिराइड बंद केलं, फक्त मेटफॉर्मिन ठेवलं. ॲडमिट असताना काका सहज बोलून गेले की पायाची बोटं वर्षभर बधिर आहेत, सगळे समजत होते शुगरमुळे. व्हिटॅमिन बी१२ ची टेस्ट केली तर १३८, म्हणजे कमी. दूध बंद करून दीडच महिना झालेला, बी१२ चा साठा लिव्हरमध्ये वर्षानुवर्षं पुरतो, म्हणजे हे जुनं दुखणं होतं, नऊ वर्षांचं मेटफॉर्मिन बी१२ नीट शोषू देत नाही आणि घरात अंडंसुद्धा येत नाही. पण दूधही बंद करायला सांगताना मी ते तपासायलाच हवं होतं, कारण भाकरी-उसळ कितीही खाल्ली तरी बी१२ त्यातून मिळत नाही, गोळी किंवा इंजेक्शनच लागतं. काकांना इंजेक्शनं सुरू झाली.

तेव्हापासून माझ्या डाएटच्या कागदावर भाकरी-भाजीच्या आधी लाल पेनाने दोन ओळी असतात. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर डाएट सुरू करायच्या आधी डॉक्टरांना भेटून डोस विचारा, आणि घाम, थरथर, बडबड झाली आणि शुगर ७० च्या खाली असली तर साखर खायची, त्या वेळी साखर हे औषध आहे. हे मी घरच्यांकडून मोठ्याने वाचून घेते, पेशंटकडूनही.

काका मागच्या महिन्यात आले होते. एचबीए१सी ६.७, वजन ७३, उजव्या पायाला परत जाणवायला लागलंय, डाव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत. शर्टाच्या खिशातून ग्लुकोजची पुडी काढून दाखवली, न फोडलेली, आणि काकू लगेच म्हणाल्या, दुसरी माझ्या पर्समध्ये आहे.