पाऊण तासाचा कांदा

पाककृतीत एक थाप हमखास मारलेली असते: 'कांदा छान तांबूस होईस्तोवर पाच-सात मिनिटं परता.' पाच-सात मिनिटांत कांदा तांबूस होत नाही. कडेने करपतो आणि आतून कच्चा राहतो. आमटी-भाजीत ही चलाखी खपून जाते, कारण वर मसाला असतो, खोबरं असतं. फ्रेंच अनियन सुपात मात्र कांद्याला लपायला जागाच नाही. हॉटेलात त्या सुपाला जी चव असते, तिच्यामागे गुपित वगैरे काही नसतं, असतो तो पाऊण तास. कधी तासही.

'फ्रेंच' म्हटलं की आपण उगाच बिचकतो. हे सूप पॅरिसच्या बाजारातलं. शहराच्या ऐन मध्यावर 'ले आल' नावाचा घाऊक बाजार होता. भाजी, मटण, मासळी सगळं रात्रीतून उतरायचं. भल्या पहाटे हमाल आणि कसाई हे सूप ओरपायचे, आणि रात्र जागवून घरी निघालेली शौकीन मंडळीही तिथेच येऊन बसायची. १९६९मध्ये तो बाजार शहराबाहेर रंजीसला हलवला. सूप मागे राहिलं. लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टरच्या रांगा पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे बुक्कीने फोडलेला कांदा नि भाकरी, त्यांच्याकडे कांद्याचं सूप नि शिळा पाव.

कांदा उन्हाळच घ्यावा. मार्च-एप्रिलमध्ये निघतो, चाळीत दिवाळीपर्यंत टिकतो, अंगाने घट्ट असतो. लाल कांद्यात पाणी जास्त, त्याचा लगदा होतो. चार माणसांना किलोभर कांदा लागतो, उभा चिरलेला. कढई जाड बुडाची हवी. लोणी वितळलं की कांदा, मीठ, वर झाकण. दहा मिनिटांनी झाकण काढलं की कढईत कांदा कमी आणि पाणी जास्त अशी अवस्था असते. कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच. ते उडून जाईपर्यंत कढईतली उष्णता शंभर अंशांच्या वर चढत नाही आणि तोवर कांदा रंग धरत नाही. घाईचा उपयोग शून्य, तो यामुळे.

पाणी आटलं की खरं काम सुरू. आच मंद. डोळ्यांना झोंबणारा वास आता बदलतो, घरभर गोडसर घमघमाट सुटतो. कांदा आधी काचेसारखा पारदर्शक, मग गव्हाळ होतो. बुडाला एक तांबूस थर धरतो. नवखा माणूस इथे घाबरून गॅस बंद करतो. बंद करू नये. चमचा-दोन चमचे पाणी घालावं, लाकडी कालथ्याने तो थर खरवडावा आणि कांद्यातच मिसळावा. पुन्हा थर, पुन्हा खरवड. प्रत्येक खेपेला रंग एक पायरी गडद होतो. किलोभर कांद्याचा शेवटी वाडगाभर ऐवज उरतो. तो नुसता पोळीला लावून खायचा मोह मी दर वेळी टाळतोच असं नाही.

मग चमचाभर मैदा, आणि अर्धा कप पांढरी वाइन, गोड नसलेली. नाशिककराला ती शोधायला लांब जावं लागत नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला या वाइन कंपनीने १९९७मध्ये वेली लावल्या त्या सोव्हिनियाँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षांच्याच. घरात वाइन चालत नसेल तर चमचाभर व्हिनेगर.

स्टॉक तिकडे गोमांसाच्या हाडांचा. आपल्याकडे त्याला तोडीस तोड आहे ते मटणाचं अळणी पाणी. नळ्या घालून केलेलं, फक्त हळद वगळून. शाकाहारी असाल तर मश्रूम आणि गाजर उकळा, आणि त्यात जाळलेला कांदा टाका. काळ्या रश्श्याच्या वाटणाला आपण गॅसवर कांदा काळा करतो ना, तसा. फ्रेंच स्वयंपाकीही स्टॉकला रंग यावा म्हणून कांदा अर्धा कापून असाच काळा करतात, हे वाचल्यावर मला आमच्या स्वयंपाकघराबद्दल जरा ताठा आला. तमालपत्र मात्र नको. त्यांचं पान वेगळ्या झाडाचं, आपलं दालचिनीच्या कुळातलं. त्याने सुपाला बिर्याणीचा वास लागतो.

पावाचे काप तव्यावर कडक करावेत, नाहीतर सुपात पडताच विरघळतात. त्यांच्याकडे चीज ग्रुयेर. आपण मोझरेला घ्यावं नि चवीला एखादं खारट, मुरलेलं चीज किसून मिसळावं. ओव्हनच्या वरच्या कॉइलखाली चीजवर तपकिरी डाग पडेपर्यंत ठेवलं की झालं. बाउल तेवढा ओव्हनमध्ये टिकणारा असू द्या.

मागच्या खेपेला निफाडकडचे मामा आले होते. कांदा हे त्यांच्या घरचं पीक, त्यामुळे त्यांच्यापुढे बाउल ठेवताना मला जरा धाकधूकच होती. त्यांनी चीजची तार चमच्याला गुंडाळली, दोन घोट घेतले आणि विचारलं, "हे हॉटेलात केवढ्याला?"

"चारशे."

"आन् यात कांदा किती?"

"पाव किलो."

मामांनी चमचा खाली ठेवला. ओठ हलले, बोटं मोजली गेली.

"म्हंजे क्विंटलला एक लाख साठ हजार पडले की रे. त्या हॉटेलवाल्याला म्हणावं, सोमवारी लिलावाला ये."