मामांच्या लेन्स लिलावात काढताना

जुन्या मॅन्युअल फोकस लेन्सचा भाव कोण किती मागतंय यावर ठरत नाही, ती कितीला गेली यावर ठरतो. मामांनी सोलापूरच्या मंगळवार पेठेतला फोटो स्टुडिओ बंद करून कपाटातल्या लेन्स माझ्या हवाली केल्या, तेव्हा हे आधी पक्कं करून घेतलं. ई-बेवर एकाच लेन्सला वाटेल तो भाव लावून बसलेले विक्रेते दिसतात. ते सगळे बाजूला ठेवून मी फक्त विकून गेलेल्या लेन्स पाहिल्या आणि त्यातही ज्यांच्या काचेची अवस्था आमच्यासारखी होती, तेवढेच आकडे वहीत उतरवले.

मग अंधाऱ्या खोलीत एकेक लेन्स ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडून मागून टॉर्च मारला. सोलापूरच्या कोरड्या हवेचे उपकार इथे कळले. मुंबई-कोकणातल्या लेन्सना पावसाळ्यात बुरशी चटकन धरते. आमच्या बहुतेक काचा स्वच्छ निघाल्या. चामड्याच्या केसमध्ये बंद राहिलेल्या १३५ एमएममध्ये तेवढं बुरशीचं जाळं होतं. चामडं ओल धरून ठेवतं.

निकॉर म्हणजे निकॉनच्या लेन्स; त्यातली १०५ एमएम एफ २.५ पाहून मी हरखलो. स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ मध्ये टिपलेला अफगाण मुलीचा जगप्रसिद्ध फोटो याच जातीच्या लेन्सचा. पण ॲपर्चर लहान-मोठं करणाऱ्या पात्यांवर तेल आलं होतं. नवी पेठेतल्या जुन्या मेकॅनिकनी खटका दाबून दाखवला : "बघा की, पाती सावकाश मिटतात. उघडून साफ करावं लागतंय." तेलकट पाती वेळेत मिटली नाहीत तर फोटो जास्त उजळ येतो, म्हणून बोली लावणारे हे विचारतातच. आधी दुरुस्ती करून घेतली.

खरा जीव अडकला होता पेंटॅक्सच्या सुपर-ताकुमार ५० एमएम एफ १.४ मध्ये. काच कोऱ्या चहासारखी पिवळी. या लेन्सच्या पहिल्या, आठ काचांच्या आवृत्तीला संग्राहक जास्त मोजतात; आमची नंतरची, सात काचांची. तिच्या एका काचेत थोरियम असतं आणि त्याच्या किरणोत्सर्गाने काच वर्षानुवर्षं पिवळी पडत जाते. अतिनील किरणांनी हा रंग उतरतो. ऊन आपल्याकडे काय कमी! पण एप्रिल-मेचं नको. त्या तापात आतलं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरायचं. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा आटोपली आणि थंडीतल्या उन्हात लेन्स गच्चीवर ठेवली, खाली ॲल्युमिनियम फॉइल. जवळ बसून राहावं लागतं, कारण उघडी लेन्स भिंगच आहे, काही पेटवू शकते. पांढऱ्या कागदावर धरून रोज बघायचो. पिवळेपणा हळूहळू ओसरला आणि कागद कागदासारखा दिसू लागला.

ताकुमारसारख्या एम४२ स्क्रू माउंटच्या, म्हणजे कॅमेऱ्यावर आट्यांनी बसणाऱ्या, लेन्सना आज मागणी आहे ती मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांमुळे. सेन्सर ते माउंट हे अंतर सोनी ई-माउंटमध्ये १८ मिलिमीटर, तर एम४२ ला ४५.४६ लागतं, मधल्या जागेत साधा ॲडॉप्टर बसतो. निकॉनच्या एसएलआरमध्ये, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, हेच अंतर ४६.५, लेन्सला हवं त्याहून जास्त, त्यामुळे बिनकाचेच्या ॲडॉप्टरवर लांबचा फोकसच मिळत नाही.

लिलाव देशातल्या संग्राहकांमध्येच केला. सुरुवातीची बोली मुद्दाम कमी ठेवली. भाव चढतो तो दोन माणसं अडून बसली तरच, आणि चढ्या आकड्याला पहिलाच माणूस येत नाही. मामा म्हणाले, "अरे, टॉर्च मारलेले फोटो टाक, ओरखडासुद्धा दिसू दे." तसेच टाकले. ताकुमारचा पिवळेपणा उन्हात उतरवलाय आणि तो पुन्हा येऊ शकतो, हेही लिहिलं. शेवटच्या काही मिनिटांत दोघांची चुरस लागली आणि ताकुमार वहीतल्या सरासरीच्या वर गेली. १०५ सरासरीलाच गेली; ती बाजारात भरपूर आहे.

बुरशीवाली १३५ 'पार्टससाठी' म्हणून वेगळी काढली. तीही गेली : पुण्यातल्या एका दुरुस्ती करणाऱ्याला तिच्यातली पाती आणि फोकसची रिंग हवी होती.