व्यायामानंतरचं रक्त आणि कर्करोगाच्या पेशी

‘व्यायामातल्या संप्रेरकाने कर्करोगाच्या पेशी रोखल्या’ अशा मथळ्याची बातमी दिसली की आधी एक गोष्ट शोधायची: पेशींवर नेमकं ओतलं काय होतं? प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात बनवलेलं एखादं संप्रेरक, की व्यायाम केलेल्या माणसाच्या रक्तातला द्रव, म्हणजे सीरम? हे दोन अगदी वेगळे प्रयोग आहेत. दुसऱ्यात निकाल छोटे येतात, पण माझा विश्वास त्यांच्यावर जास्त आहे.

पहिल्या प्रकारातलं सर्वांत गाजलेलं नाव आयरिसिन. २०१२ साली अमेरिकी संशोधक ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेने ते जगासमोर आणलं. स्नायूपेशीच्या पडद्यावर एफएनडीसी५ नावाचं प्रथिन असतं, त्याचा बाहेरचा ११२ अमिनो आम्लांचा तुकडा कापला जाऊन रक्तात उतरतो, तो हा. पुढे २०१५ च्या एका अभ्यासात आयरिसिनने स्तनाच्या कर्करोगाच्या एमडीए-एमबी-२३१ या आक्रमक पेशींची संख्या आणि हालचाल घटली, डॉक्सोरुबिसिन या औषधाचा परिणाम वाढला आणि निरोगी पेशींना धक्का लागला नाही. पण त्याच्या आदल्याच वर्षी गर्भाशयाचं अस्तर, मोठं आतडं, थायरॉइड आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगपेशींवर आयरिसिन वापरून पाहिलं गेलं होतं, तिथे काहीच फरक पडला नव्हता. ही दुसरी बातमी कुणी पुढे पाठवत नाही.

मात्रेचा हिशोब तर प्रत्येकाने स्वतः करून पाहावा, अवघड नाही. मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणू त्यांच्या वजनावरून ओळखणाऱ्या तंत्राने मोजल्यावर बैठं काम करणाऱ्यांच्या रक्तात मिलिलिटरमागे सुमारे ३.६ नॅनोग्रॅम आयरिसिन सापडलं, एरोबिक व्यायाम करणाऱ्यांत ४.३. साखरेचा भाग सोडला तर रेणूचं वजन साधारण १२ किलोडाल्टन. म्हणजे ४ नॅनोग्रॅम होतात जेमतेम ०.३३ नॅनोमोलर (द्रवात रेणू किती, हे सांगणारं एकक). एखाद्या प्रयोगात ५० नॅनोमोलर वापरलं असेल, तर ती मात्रा शरीरातल्यापेक्षा दीडशे पट झाली. बरं, त्याआधीची तीनेक वर्षं आयरिसिन ज्या एलायझा किटांनी (प्रतिपिंडं वापरून प्रथिन मोजणाऱ्या तयार चाचण्यांनी) मोजलं गेलं, त्यांतल्या अनेकांच्या प्रतिपिंडांना रक्तातली भलतीच प्रथिनं चिकटत होती, हे २०१५ मध्येच उघड झालं. जिवाणूंमध्ये बनवलेल्या आयरिसिनवर शरीरातल्या आयरिसिनसारख्या शर्करेच्या साखळ्याही नसतात. शिवाय त्यात एंडोटॉक्सिन हे जिवाणूंचं विष उरलं असेल, तर पेशींवरचा परिणाम कशाचा, हेच कळत नाही.

आता सीरमचा प्रयोग. व्यायामाआधी आणि व्यायाम थांबताच त्याच व्यक्तीचं रक्त घ्यायचं. साध्या नळीत अर्धा तास गोठू द्यायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, वरचा द्रव छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवायचा. पेशींच्या माध्यमात एरवी गायीच्या गर्भाचं सीरम घालतात, त्याऐवजी हे मानवी सीरम घालायचं, बहुधा १० टक्के. मग ४८ ते ७२ तासांनी पेशी मोजायच्या. ऐकायला सोपं आहे, पण ठेच लागायच्या जागा भरपूर. दमदार व्यायामात रक्तातलं पाणी स्नायूंकडे ओढलं जातं आणि प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, १० टक्क्यांहून जास्त आटू शकतो. मग प्रत्येक प्रथिन ‘वाढलेलं’ दिसतं. हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) मोजून ही दुरुस्ती केली आहे का, ते पाहावं. एका वेळी रक्त उपाशीपोटी आणि दुसऱ्या वेळी नाश्त्यानंतर घेतलं, तर फरक इन्सुलिनचा असू शकतो. नमुना वारंवार वितळवून गोठवला की नाजूक रेणू मोडतात. आणि अशा प्रयोगांत वापरली जाणारी एमटीटी ही रंगाची चाचणी पेशी मोजत नाही, त्यांचा चयापचय मोजते. पेशी सुस्तावली तरी आकडा खाली येतो. त्याला ‘पेशी मेल्या’ म्हणणं चूक.

एवढी चाळणी लावूनही ज्याचा पुरावा टिकतो, ते संप्रेरक नवं नाहीच. ते आहे आपलं जुनं ॲड्रेनॅलिन. २०१६ मध्ये डेन्मार्कमधल्या गटाने चाकावर धावणाऱ्या उंदरांत पाच वेगवेगळ्या प्रकारच्या गाठींची वाढ ६० टक्क्यांहून जास्त घटल्याचं दाखवलं. धावताना ॲड्रेनॅलिन वाढतं, त्याने नॅचरल किलर या रोगप्रतिकारक पेशी रक्तात उतरतात, आणि त्या गाठीत शिरण्यासाठी स्नायूंतून येणारं इंटरल्यूकिन-६ हे संदेशवाहक प्रथिन लागतं. प्रोप्रॅनोलॉल हे बीटा ब्लॉकर औषध देऊन ॲड्रेनॅलिनची वाट, म्हणजे पेशींवरचे बीटा रिसेप्टर, अडवली की धावण्याचा फायदा ओसरला. पुढच्याच वर्षी कळलं की ॲड्रेनॅलिन थेट कर्करोगपेशीशीही बोलतं: हिप्पो नावाची संदेशसाखळी चालू होते आणि वाढीची जनुकं चेतवणारं याप हे प्रथिन केंद्रकाबाहेर अडकतं. व्यायामानंतरच्या सीरममध्ये ठेवलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशी उंदरांना टोचल्या, तर ४५ टक्के उंदरांत गाठ झाली; विश्रांतीच्या सीरममधल्या पेशींनी ९० टक्क्यांत.

याच गटाचं आणखी एक निरीक्षण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. स्तनाच्या कर्करोगावर उपचार झालेल्या स्त्रियांनी सहा महिने व्यायाम केला. त्यानंतर विश्रांतीत घेतलेल्या त्यांच्या सीरमने पेशींवर फरक पडला नाही. पण एका दोन तासांच्या सत्रानंतर लगेच घेतलेल्या सीरमने पेशींची जगण्याची क्षमता सुमारे ९ टक्क्यांनी उतरली. म्हणजे या परिणामाची शिल्लक साठत नाही. ॲड्रेनॅलिनचं अर्धायुष्य दोन-तीन मिनिटांचं. लाट येते आणि ओसरते. रविवारी एकदाच अडीच तास घाम गाळण्यापेक्षा तीच वेळ चार-पाच दिवसांत वाटली, तर लाटा जास्त येतील, असा माझा तर्क. त्याची माणसांवर थेट परीक्षा झालेली नाही, पण यंत्रणेशी तो जुळतो.

इथे जाणकार वाचक अडवेल: ॲड्रेनॅलिनसारखी ताणाची संप्रेरकं तर कर्करोगाला खतपाणी घालतात ना? बरोबर आहे. उंदरांना सततच्या ताणाखाली ठेवल्यावर बीजांडकोशाच्या गाठी जास्त पसरल्याचं २००६ मध्येच दिसलं होतं, आणि तेही त्याच बीटा रिसेप्टरमार्फत. फरक काळाचा असावा. तासभराचा उसळता झरा वेगळा आणि आठवडेच्या आठवडे ठिबकणारा नळ वेगळा. म्हणूनच ॲड्रेनॅलिनची गोळी किंवा आयरिसिनचं इंजेक्शन ही व्यायामाची जागा घेईल, असं मला वाटत नाही.

दीर्घ मुदतीचं काम बहुधा इन्सुलिन करतं. नियमित व्यायामाने उपाशीपोटीचं इन्सुलिन उतरतं. त्यामुळे यकृत आयजीएफबीपी-१ हे प्रथिन जास्त सोडतं आणि ते पेशींच्या वाढीला चालना देणाऱ्या आयजीएफ-१ या प्रथिनाला धरून ठेवतं. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या एलएनकॅप पेशींवरच्या प्रयोगांत हाच धागा पुन्हा पुन्हा सापडतो.

माणसांतला सर्वांत भक्कम पुरावा २०२५ मध्ये आला, चॅलेंज या चाचणीतून. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेले ८८९ रुग्ण, तीन वर्षांचा देखरेखीखालचा व्यायाम. पाच वर्षांनी रोगमुक्त हयात असलेले ८०.३ टक्के, नुसती माहितीपत्रकं मिळालेल्या गटात ७३.९. आठ वर्षांनी हयात असलेले ९०.३ विरुद्ध ८३.२ टक्के. उद्दिष्ट होतं आधीच्या हालचालीत आठवड्याला १० मेट-तासांची भर (मेट म्हणजे स्वस्थ बसण्याच्या किती पट ऊर्जा लागते, त्याचं माप). भरभर चालणं साधारण ४ मेट, म्हणजे आठवड्याला अडीच तास. ५० मिनिटांचे तीन फेरफटके किंवा ३० मिनिटांचे पाच. वेग असा की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. स्नायू-सांध्यांच्या तक्रारी मात्र व्यायाम गटात जास्त झाल्या, १८.५ टक्के विरुद्ध ११.५. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात पूर्ण मात्रा नको. १५ मिनिटांपासून सुरुवात करून दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवलेली बरी.

उपचार चालू असतील तर काही गोष्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. ताप असेल, प्लेटलेट किंवा हिमोग्लोबिन फार खाली असेल, तर त्या दिवशी विश्रांती. हाडांत रोग पसरला असेल तर पाठीला पीळ देणारे व्यायाम, उड्या आणि जड वजनं टाळायची. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांनी घड्याळावरच्या नाडीच्या ठोक्यांवर विसंबू नये, औषधाने ते दबलेले असतात. त्यांच्यासाठी बोलण्या-गाण्याचीच कसोटी खरी. आणि वर प्रोप्रॅनोलॉलबद्दल वाचून ती गोळी परस्पर बंद करायची नाही. ती अचानक थांबवली तर हृदयाचे ठोके आणि रक्तदाब उसळू शकतात, आणि ज्याच्या हृदयाच्या धमन्या आधीच अरुंद आहेत त्याला झटकाही येऊ शकतो.