वाड्याची भिंत, नोंद ५: कंगणी बसली, चौकातला कोपरा सुटला

वाड्याच्या संगणकातल्या मॉडेलमध्ये कंगणीचा (भिंतीच्या माथ्याशी पुढे आलेल्या कडेचा) गोला भिंतीला नीट चिकटत नाही, ही तक्रार मी मागच्या नोंदीत केली होती. आता तो बसला आहे. उत्तर मात्र मिळालं शिंदे की छावणीतल्या आत्याच्या वाड्यावर. तिथे मिस्त्री गिलाव्याचं काम करत होते आणि मी दोन तास त्यांच्याशेजारी उभा राहून बघत होतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो: ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या या वाड्याचं मॉडेल मी फ्रीकॅड या त्रिमितीय आराखड्याच्या मोफत प्रोग्रॅममध्ये करतो आहे. रस्त्याकडची भिंत सरळ ११.४ मीटर आहे आणि पुढे गल्लीच्या तोंडाशी गोल वळते. खाली ९०० मिमी उंचीचं दगडी जोतं, ६६० जाड. त्यावर ५४० जाडीची विटांची भिंत. जोतं संपतं तिथे आधी फुगीर गोला, मग आत वळलेला गलता, आणि सर्वात वर ३१० मिमी उंचीची, २२५ मिमी पुढे आलेली चुन्याची कंगणी. म्हणजे नकाशात साधी दिसणारी ही भिंत उभ्या छेदात जागोजागी वळणारी आहे. इथे मला खूप आठवडे लागले आणि त्याचं वाईट वाटत नाही, कारण वाड्याचं रूप या वळणांतच आहे. सपाट भिंत उभी केली तर तो वाडा कोणाचाही असू शकतो.

आधी मी भिंतीचे बारीक थर एकावर एक रचून पाहिले. प्रत्येक थराची जाडी थोडी वेगळी ठेवली. लांबून बरं दिसायचं, जवळ गेलं की जिना. मग साधी भिंत उभी करून कंगणी वेगळी जोडली. तेव्हा भिंतीची लांबी बदलली की कंगणी जागच्या जागी राहायची. दोन्ही वेळा चूक एकच होती. भिंतीचं नेहमीचं टूल जमिनीवरची आखणी घेतं आणि ती सरळ वर उचलतं. त्यामुळे कोणत्याही उंचीवर कापा, जाडी तीच. आपल्या भिंतीची जाडी उंचीगणिक बदलते, म्हणून तिला वर उचलून चालत नाही. तिचा उभा छेद घ्यायचा आणि तो लांबीच्या दिशेने चालवायचा.

हे मी वाचलेलं होतं. पण हाताला समजलं ते मिस्त्रींमुळे. पडलेली कंगणी ते पुन्हा करत होते. पत्र्यात कंगणीचा छेद उलटा कापलेला, मागे लाकडाचा आधार. याला ते फर्मा म्हणतात. भिंतीवर पाणसळीत पट्टी ठोकलेली, तिला टेकवून फर्मा ओल्या चुन्यावरून सरकवायचा, पुन्हा चुना भरायचा, पुन्हा सरकवायचा. चार-पाच फेऱ्यांत गोला आणि गलता एकदम उमटले. पट्टी म्हणजे पाथ (छेद जिच्यावरून चालतो ती रेषा), पत्रा म्हणजे प्रोफाइल (तो छेद). स्वीपची, म्हणजे छेद पाथवरून चालवण्याची, आज्ञा माझ्या डोळ्यांपुढे चुन्यात चालू होती. मी विचारलं, कोपऱ्यावर फर्मा कसा वळवता? ते म्हणाले, "कोने पे फर्मा नहीं चलता भैया, कोना हाथ से बनता है." हे वाक्य पुढे फार कामाला आलं.

घरी येऊन छेद नव्याने काढला. मोजमाप घ्यायला जाड सोल्डरची तार वापरली. ती गोल्यावर दाबली की आकार धरते, मग अलगद काढून पुठ्ठ्यावर पेन्सिलने उतरवायचा. तीन ठिकाणी मापं घेतली, कारण जुन्या चुन्यावर रंगाचे इतके थर असतात की गलता भरून येतो. सर्वात खोल आलेलं माप खरं धरलं. स्केचमध्ये गोला एक चाप, गलता दुसरा चाप, आणि दोन्हींच्या सांध्यावर टँजंटचं बंधन, म्हणजे दोन्ही चाप कोन न पडता एकमेकांत मिसळतील अशी अट. हे बंधन विसरू नका. डोळ्याला जुळलेले दिसणारे चाप प्रत्यक्षात किंचित तुटके असतात, आणि स्वीप केल्यावर त्या जागी केसाएवढा उभा पृष्ठभाग तयार होतो. पुढे भिंत कापताना नेमका तोच अडतो. छेद बंद हवा आणि पाथच्या सुरुवातीला त्याच्याशी काटकोनात उभा हवा.

पार्ट वर्कबेंचमधल्या (वर्कबेंच म्हणजे फ्रीकॅडमधला टूलचा संच) स्वीपने सॉलिड, म्हणजे भरीव आकार, तयार झालं की ते निवडून बिम या इमारतींसाठीच्या वर्कबेंचमधलं भिंतीचं टूल दाबायचं. सॉलिडवर बांधलेली भिंत त्याचाच आकार घेते, उंची आणि जाडीचे आकडे मग लागत नाहीत. मॉडेलमधल्या वस्तूंच्या यादीत ती भिंत म्हणूनच राहते, त्यामुळे खिडक्या तिच्यात बसतात. फ्रीकॅड १.० पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२४ पासून, बिम वर्कबेंच मूळ प्रोग्रॅमसोबतच येतं.

मी प्रत्येक स्वीपचं घनफळ हाताने पडताळतो. छेदाचं क्षेत्रफळ आलं २.६१ चौरस मीटर. सरळ भागात गुणिले ११.४, म्हणजे २९.७५ घनमीटर, पडद्यावर तेच. गल्लीच्या वळणावर मात्र माझा हिशोब फसला. पाथ भिंतीच्या बाहेरच्या कडेवर आहे, त्रिज्या १५०० मिमी, पाव वर्तुळ, म्हणजे लांबी २.३५६ मीटर. गुणाकार ६.१५. पडद्यावर ५.१२. तासभर चूक शोधत बसलो आणि मग पॅपसचा जुना नियम आठवला: घनफळासाठी छेदाचा गुरुत्वमध्य जेवढा प्रवास करतो तेवढी लांबी धरायची. आमच्या छेदाचा मध्य कडेपासून २५० मिमी आत आहे. त्रिज्या १२५० झाली, लांबी १.९६ मीटर, आणि उत्तर बरोबर ५.१२. विटांचा अंदाज काढायला कोणी मॉडेल वापरत असेल तर वळणावर हे जरूर तपासा, एका कोपऱ्यात एक घनमीटरचा फरक पडतो.

बाहेरचं वळण सोपं, कारण तिथे कंगणी बाहेर जाते आणि त्रिज्या वाढते. चौकातला कोपरा उलटा. तिथे भिंत आत वळते, त्रिज्या फक्त १८० मिमी, आणि कंगणी पुढे येते २२५. पाथपासून १८० मिमी गेलं की त्रिज्या शून्य होते. उरलेले ४५ मिमी स्वतःलाच छेदून पलीकडे जातात. स्वीप एकदा तयारच झाला नाही, एकदा झाला तो आतून फाटलेला.

मग पुन्हा आत्याकडे. ती म्हणाली, "अरे, संध्याकाळी पाचला ये, तेव्हा ऊन तिरपं पडतं, सगळं दिसेल." खरंच दिसलं. खालचा गोला कोपऱ्यातून वळत गेलेला होता आणि वरची पट्टी काटकोनात, टोकदार सांध्याने भेटलेली होती. जुन्या कारागिराने गुण्या लावून तो सांधा हाताने कोरला असणार. भूमितीही तेच सांगते: १८० च्या आत वळण शक्य, बाहेर फक्त कोपरा.

तसंच केलं. छेद पाथपासून १४० मिमीवरच्या खाचेशी दोन भागांत तोडला. आतल्या भागाला गोल पाथ दिला, शेवटी ४० मिमी त्रिज्या उरते, पुरेशी आहे. बाहेरच्या भागाला काटकोनातला पाथ, आणि ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे कोपऱ्यावर छेद कसा वळावा त्या पर्यायात, 'राइट कॉर्नर' निवडलं. 'ट्रान्सफॉर्म्ड' ठेवलं तर कोपऱ्यावर आकार बिघडतो. दोन्ही भाग जोडले आणि कोपरा वाड्यासारखा दिसला. फोटो आत्याला दाखवला, तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

तळघराच्या हवाजाळीचं भोक गोल्यातून आरपार जात नव्हतं, समोर पातळ पापुद्रा राहायचा. खिडकीची 'होल डेप्थ' शून्यावर असेल तर प्रोग्रॅम ती स्वतः ठरवतो. मी ९०० लिहिलं, पापुद्रा गेला.

आर्किकॅड आणि रेव्हिट हे इमारतींच्या मॉडेलचे दुसरे प्रोग्रॅम. आर्किकॅडवाल्यांना यातलं बरंच तयार मिळतं. प्रोफाइल मॅनेजरमध्ये छेद काढला की भिंत तो घेऊन चालते, आणि २०१८ च्या २२ व्या आवृत्तीपासून त्या छेदाची मापं जागेवर बदलता येतात. रेव्हिटमध्ये कललेली भिंत २०२१ या आवृत्तीत आणि वर निमुळती होणारी २०२२ या आवृत्तीत आली, पण कंगणीला तिथे वॉल स्वीप लागतो आणि पूर्ण वळणाऱ्या पृष्ठभागासाठी मास (ढोबळ घनाकृती) करून तिच्या पृष्ठभागावर भिंत बसवणारं 'वॉल बाय फेस' घ्यावं लागतं. आयएफसीमध्ये (इमारतीचं मॉडेल एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेण्याच्या फाइल-प्रकारात) पाठवताना माझा गोला छोट्या सपाट पट्ट्यांचा झाला. त्याचा उपाय अजून चालू आहे.

रविवारी किल्ल्यावर गेलो होतो. राजा मानसिंह तोमराच्या (राज्यकाळ १४८६ ते १५१६) मानमंदिर राजवाड्याचे गोल बुरूज पाहताना पहिल्यांदाच वाटलं, इथे स्वीप नको, छेद उभ्या अक्षाभोवती फिरवायला हवा. तेली का मंदिराचं छप्पर मात्र वलभी पद्धतीचं, लांबट कमानीसारखं. एका टोकाचा छेद घ्यायचा आणि दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचा. आठव्या-नवव्या शतकातल्या त्या माथ्यापुढे मी बराच वेळ उभा होतो. पुढच्या नोंदीत त्याचाच छेद काढणार आहे. तार तिथपर्यंत पोचणार नाही, म्हणून लांबून काढलेल्या फोटोवरून वक्र बसवायचा आहे. कोणी उंच कमानीचा छेद फोटोवरून काढला असेल तर मापाचा आधार म्हणून काय धरलं ते कळवा.