'शेप'मधले पहिले अक्षर

फौजेत वैद्यकीय तपासणीनंतर जवानाची श्रेणी 'शेप' या पाच इंग्रजी अक्षरांच्या सूत्रात लिहितात आणि त्यातले पहिले अक्षर, 'एस', मनाच्या अवस्थेचे असते. श्रेणी खाली गेली की बढती अडकते, या भीतीने ते अक्षर मी 22 वर्षे सांभाळले. निवृत्तीनंतर नागपुरात घर केले, तरी मध्यरात्री दचकून उठणे, मुलांवर ओरडणे आणि सीताबर्डीच्या गर्दीत घाम फुटणे थांबले नाही.

एका रात्री पत्नीने टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक लावून फोन माझ्या हातात दिला. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली ही सेवा विनामूल्य असून चोवीस तास चालते. समुपदेशक मराठीत बोलल्या, म्हणूनच मी बोलू शकलो. मानसोपचारतज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटा, असे त्यांनी सांगितले.

त्यासाठी मी माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, म्हणजे ईसीएचएसच्या, पॉलिक्लिनिकमध्ये गेलो. रांगेत ओळखीचे लोक होते, त्यामुळे 'काय त्रास?' या प्रश्नावर मी 'गुडघा' म्हणालो आणि दोन वेळा गुडघ्याच्याच गोळ्या घेऊन परतलो. तिसऱ्या खेपेला पत्नी सोबत आत आली आणि तिनेच सगळे सांगितले. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दार लावून घेतले, शांतपणे ऐकले आणि रेफरल दिले. येणाऱ्या प्रत्येक माजी सैनिकाला रक्तदाबाबरोबर झोपेबद्दलही विचारले, आणि तेही बंद दाराआड, तर माझ्यासारख्यांच्या दोन खेपा वाचतील, असे मला मनापासून वाटते. घरच्यांनाही विचारावे, आमच्या रात्री त्यांनीच पाहिलेल्या असतात.

उपचारांनी झोप परतू लागली, पण तिसऱ्या महिन्यात एक गोळी साठ्यात नव्हती. 'पुढच्या आठवड्यात या,' असे उत्तर मिळाले आणि पर्याय विचारण्याचा संकोच वाटल्याने मी नऊ दिवस गोळीविना काढले. चक्कर, मळमळ आणि पुन्हा तीच चिडचिड सुरू झाली. नैराश्यावरची अशी गोळी एकदम बंद करायची नसते, सल्ल्याने हळूहळू कमी करायची असते, हे मला डॉक्टरांनी त्यानंतर समजावले. साठा संपल्याचे सांगणाऱ्याने एवढे एक वाक्य सांगायला हवे होते.

आता गोळ्या संपण्याच्या आठ दिवस आधीच मी चिठ्ठी घेऊन जातो आणि खिडकीवर, रांगेतल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, औषधाचे नाव सांगतो.