चिकलठाणा ते मुंबई: अंतर एक, वेळा अनेक

आमच्या आत्याला गेल्या महिन्यात डोळ्यांच्या तपासणीसाठी जालन्याहून दादरला जायचे होते. नातवाने मोबाइलवर तिला छत्रपती संभाजीनगर ते मुंबई विमानाला पन्नास मिनिटे लागतात असे दाखवले होते, आणि घर सोडल्यापासून सव्वापाच तास धरावेत असे मी म्हणालो, तेव्हा मीच काहीतरी घोळ घालतो आहे असा तिचा समज झाला.

अंतराबद्दल वाद नव्हता. चिकलठाणा आणि मुंबई या दोन विमानतळांच्या अक्षांशांत सुमारे ०.७७ अंशाचा, तर रेखांशांत २.५३ अंशांचा फरक आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र ध्रुवांकडे आखडत जातो आणि आपल्याकडे तो १०५ किलोमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे उत्तर-दक्षिण ८६ आणि पूर्व-पश्चिम २६५ किलोमीटर. आठवीतला पायथागोरस लावला की कर्ण २७९ किलोमीटर येतो. दिल्लीसारख्या लांबच्या ठिकाणासाठी (ते अंतर सुमारे ९८० किलोमीटर आहे) पृथ्वीची गोलाई धरलेली बरी. मुंबईसाठी वहीचा कोपराही पुरतो.

पन्नास मिनिटे येतात ती बहुधा ताशी ८०० किलोमीटर वेगाने भागून आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवून. प्रत्यक्षात एवढ्या जवळच्या प्रवासात विमान तो वेग फार थोडा वेळ राखते, कारण पुरते वर चढते न चढते तोच त्याला उतरणीला लागावे लागते आणि दहा हजार फुटांखाली वेग सहसा २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि गर्दीच्या वेळी आकाशात घिरट्या घालण्याची पाळी येते. वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते मुंबईत जागेवर थांबेपर्यंतची असते. म्हणून तिथे तास-सव्वा तास लिहिलेला आढळतो.

बाकीचा हिशेब जमिनीवरचा. मागच्या खेपेला मी वेळा तिकिटाच्या मागे टिपल्या होत्या: जालन्यातून निघालो ५.१०, चिकलठाणा ६.२०, विमान हलले ८.०५, मुंबईत थांबले ९.१०, सामान हाती ९.३५, दादर १०.२५.

ते तिकीट आत्याने चष्मा चढवून दोनदा वाचले.

"अरे, म्हणजे विमानात तासभर आणि विमानापायी चार तास? त्यापेक्षा देवगिरीचं खालचं बर्थ बघ."

खालचा बर्थ मिळाला, पण परतीचाच. जाताना ती वंदे भारतने गेली.