कॉलेज स्टेशनची होळी

टेक्सासमधल्या कॉलेज स्टेशन गावात ऑक्टोबर लागला की लाकडाने भरलेले ट्रक टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या आवारात येऊ लागायचे. या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलचा इतिहास सांगताना १९३९चं राष्ट्रीय विजेतेपद निघतं. जॉन डेव्हिड क्रोचं १९५७चं आणि जॉनी मँझेलचं २०१२चं हाइजमन पारितोषिकही निघतं, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं. पण तिथे चार वर्षं काढलेल्यांच्या गप्पा गुण आणि पदकांपाशी फार वेळ थांबत नाहीत. थोड्याच वेळात त्या बॉनफायरवर येतात, आणि मग रात्र सरते.

बॉनफायर म्हणजे आपल्या होळीसारखाच प्रकार, फक्त अवाढव्य. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाशी होणाऱ्या वार्षिक सामन्याआधी ती पेटायची. या दोन संघांचा पहिला सामना १८९४ साली झाला आणि ए अँड एमने तो ०–३८ असा गमावला. एवढ्या जुन्या वैराला साजेशी आग हवीच होती. सुरुवातीला लाकडी खोकी, मोडकं फर्निचर, हाती लागेल तो भंगार असा ढीग रचला जाई. १९३५ साली एका शेतकऱ्याने तक्रार केली की पोरांनी त्याचं अख्खं कोठार जाळायला उचलून नेलं. तेव्हा विद्यापीठाने हा कार्यक्रम आपल्या हाती घेतला. पुढच्या वर्षी कुऱ्हाडी, करवती, ट्रक दिले आणि गावाबाहेरची वाळलेली झाडं दाखवली. होळीला लाकडं पळवणारी पोरं कुठल्याही देशात सारखीच.

काम तीन टप्प्यांत चालायचं आणि त्यांची नावं अजून तशीच ऐकू येतात: कट, लोड, स्टॅक. कट म्हणजे झाडं तोडणं, तेही शक्यतो कुऱ्हाडीनेच. लोड म्हणजे ओंडका खांद्यावर घेऊन ट्रकपर्यंत नेणं. मोठ्या ओंडक्याला एका रांगेत पुष्कळ खांदे लागतात, आणि उंच पोरगा मधे आला की सगळा भार एकट्या त्याच्यावर येतो, म्हणून उंचीप्रमाणे उभं राहणं शहाणपणाचं. हेल्मेटला तिथे पॉट म्हणत. लाल पॉट मुख्य सूत्रधारांचा, पिवळा आपापल्या वसतिगृहाच्या तुकडीच्या प्रमुखाचा. स्टॅक म्हणजे रचाई. शेवटच्या दिवसांत ती पाळ्या लावून रात्रंदिवस चाले, तिला पुश म्हणत. अभ्यासाचे बारा वाजत, पण कोण कुठल्या गावचा आणि कोणत्या शाखेचा हे विचारायची गरजच उरत नसे.

रचनेचा कणा म्हणजे मधला खांब. विजेच्या तारांसाठी वापरतात तसे दोन खांब खाचा पाडून एकमेकांत बसवायचे, सांध्यात लाकडाचा गोंद भरायचा, वर पोलादी पट्ट्या आणि बोल्ट आवळायचे. चार दिशांना दूरवर चार खांब पुरून त्यांना दोरांनी हा कणा ताणून धरायचा. मग ओंडके उभे करत बाहेरच्या बाजूला वाढत जायचं आणि प्रत्येक ओंडका शेजारच्याला तारेने बांधायचा. १९६९ साली उंची १०९ फूट १० इंचांवर गेली. तो विक्रम ठरला, पण भीतीही वाटली, म्हणून विद्यापीठाने पुढे ५५ फुटांची मर्यादा घातली. १९७८पासून थरावर थर असलेल्या लग्नाच्या केकसारखी रचना आली. शिखरावर नारिंगी रंगवलेला लाकडी संडास बसवत. नारिंगी रंग ऑस्टिनचा, एवढं सांगितलं की पुरे.

जमिनीने दगा दिल्याचं उदाहरण १९९४चं. मुसळधार पावसाने माती भुसभुशीत झाली, रचना कलली, ती पाडून सामन्याआधी घाईने पुन्हा उभारावी लागली. त्या वर्षी सगळ्यांनी जिद्दीचं कौतुक केलं. मला वाटतं, तेव्हा जिद्दीपेक्षा आराखड्याची चौकशी जास्त व्हायला हवी होती. कारण आराखडा कागदावर फारसा नव्हताच. लाल पॉट घालणारे दरवर्षी बदलत आणि ज्ञान तोंडातून तोंडी पुढे जाई.

१८ नोव्हेंबर १९९९ला पहाटे २ वाजून ४२ मिनिटांनी सुमारे ५,००० ओंडक्यांचा तो डोलारा कोसळला. १२ जण गेले, २७ जखमी झाले. पुढच्या मे महिन्यात चौकशी आयोगाने कारणं मांडली. वरच्या थराचे ओंडके खालच्या थराच्या फटींत जोराने ठोकून बसवले होते. पाचर लाकूड फोडते तसा त्यांनी खालचा थर आतून बाहेर ढकलला. हा दाब धरायला बांधणीची तार अपुरी होती, आणि आधीच्या काही वर्षांत पहिल्या थराभोवती गुंडाळत ते पोलादी दोर त्या वर्षी नव्हते. एकेक चूक छोटी होती, पण तपासणारं कुणी नव्हतं, आणि ही ढिलाई पुष्कळ वर्षांची होती.

आवारात बॉनफायर परतली नाही. आवाराबाहेर विद्यार्थी आपल्या बळावर ती रचतात, पण नियम बदलून. प्रत्येक ओंडक्याचं बूड जमिनीला टेकलंच पाहिजे, एकावर एक थर नाही. मधल्या ४५ फुटी खांबाभोवती २४ फुटांचे चार आधारखांब पोलादी नळ्यांनी जोडलेले असतात.

बाकीचे मेळावे मात्र तसेच सुरू आहेत. घरच्या सामन्याच्या आदल्या रात्री बारा वाजता काइल फील्डवर यल प्रॅक्टिस, म्हणजे घोषणांचा सराव, भरते. हे मैदान एडविन काइल नावाच्या फलोद्यानाच्या प्राध्यापकांनी १९०४च्या सुमारास शेतीच्या जागेला कुंपण घालून सुरू केलं, आणि आज तिथे १,०२,७३३ प्रेक्षक बसतात. खरं म्हणजे उभे राहतात. तिथे नेहमीच्या चिअरलीडरऐवजी विद्यार्थ्यांनी निवडलेले पाच यल लीडर असतात, तीन शेवटच्या वर्षाचे, दोन त्याआधीच्या. ते हाताने खूण करतात, पुढची रांग तीच खूण मागे देते आणि ती वरच्या सज्जापर्यंत चढत जाते. मग सगळे कमरेत वाकून, हात गुडघ्यांवर ठेवून ओरडतात. तसं वाकलं की आवाज गळ्यातून नाही, पोटातून येतो. शेवटी दिवे मालवतात, जोड्या चुंबन घेतात आणि एकटे आलेले लायटर पेटवून उभे राहतात.

उभं राहण्यामागे १९२२च्या २ जानेवारीची डॅलसमधली गोष्ट आहे. सेंटर कॉलेजविरुद्धच्या सामन्यात खेळाडू जखमी होत गेले, तेव्हा प्रशिक्षक डॅना बायबल यांनी प्रेक्षकांतल्या ई. किंग गिलला बोलावलं. त्याने गणवेश चढवला आणि शेवटपर्यंत बाजूला तयार उभा राहिला. खेळायची वेळ आली नाही. ए अँड एम २२–१४ने जिंकलं. मैदानात संघाचे अकरा, म्हणून तोच बारावा गडी; गरज पडली तर आम्हीही तयार, असं म्हणत प्रेक्षक उभे राहतात. १९८३मध्ये प्रशिक्षक जॅकी शेरिल यांनी शिष्यवृत्ती नसलेल्या दहा मुलांना किकऑफच्या, म्हणजे चेंडू लाथाडून खेळ सुरू करणाऱ्या तुकडीत उतरवून त्या गोष्टीला मैदानात जागा दिली.

हंगामाच्या शेवटी शेवटच्या वर्षाची मुलं एलिफंट वॉकला निघतात. मरणकळा लागलेला हत्ती कळप सोडतो, तशी आवारभर भटकतात, कारण आता बाराव्या गड्याच्या कामाला त्यांचा उपयोग संपला. हसत निघतात आणि परत येताना बऱ्याच जणांचे डोळे ओले असतात.

जिथे रचना कोसळली तिथे २००४पासून स्मारक आहे. वाटेवर बॉनफायरच्या प्रत्येक वर्षाचा एक दगड आहे आणि १९६३च्या जागी रिकामी फट. केनेडींच्या हत्येमुळे त्या वर्षी ती पेटवलीच नाही. पुढच्या वर्तुळात १२ दारं आहेत, प्रत्येक दार त्या मुलाच्या किंवा मुलीच्या गावाकडे तोंड करून. दरवर्षी १८ नोव्हेंबरच्या पहाटे माणसं तिथे जमतात, २ वाजून ४२ मिनिटांपर्यंत थांबतात. एकेक नाव पुकारलं जातं आणि जमलेली माणसं त्याच्या वतीने हलक्या आवाजात ‘हजर’ म्हणतात.